बोलण्याचें काम आणि कामाचें बोलणें

आपल्या लोकांत बोलण्यास फारशी प्रतिष्ठा नाहीं. ‘गर्जेल तो पडेल काय’ असें म्हणून आपण बोलणाऱ्यास हिणवितों, आणि उथळ पाण्याच्या खळखळाटाची म्हण तर मुलांच्या कानीं लहानपणापासूनच पडते. जो मान खालीं घालून मुकाट्यानें राबतो तो घरांत गुणी, कचेरींत विश्वासू आणि सभेंत शहाणा गणला जातो. एकट्यानें करावयाच्या कामापुरतें हें सर्व खरें आहे. मूर्ति घडविणाऱ्यानें छिन्नीशीं बोलावें, शास्त्र्यानें पोथीशीं बोलावें. इतरांशीं बोलून त्यांचें काम पुढें सरकत नाहीं. परंतु दोन माणसांनीं एकाच कामास हात घातला, कीं त्या दोघांच्या दोन कामांखेरीज तिसरें एक काम त्याच क्षणीं उत्पन्न होतें. तें म्हणजे एकाचें दुसऱ्यास कळविण्याचें. हें तिसरें काम कोणाच्याच नांवावर लिहिलेलें नसतें, त्याबद्दल कोणास वेतन नसतें, आणि तें केल्याचें श्रेयहि कोणास मिळत नाहीं. म्हणून तें बहुधा राहून जातें. आणि पुढें जें बिघडतें त्याचा दोष मात्र बिचाऱ्या हातांच्या माथीं येतो.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस याचें उदाहरण शोधण्यासाठीं चुलीपासून दूर जाण्याचें कारण नाहीं. घरांत सण आहे, पंचवीस पानें व्हावयाचीं आहेत, आणि स्वयंपाकघरांत तीन जावा व माहेरीं आलेली एक नणंद अशा चौघी राबत आहेत. थोरलीनें आमटीस फोडणी दिली, मीठ घातलें, आणि ती नैवेद्याचें ताट करावयास देवघरांत गेली. धाकटीनें पाहिलें, आमटी उकळते आहे, जवळ कोणी नाहीं. तिनें कर्तव्यबुद्धीनें मीठ घातलें. नैवेद्य होईपर्यंत चाखून पाहण्याची सोय नाहीं. पंगत बसते, पहिला भुरका घेतला जातो, आणि मामंजींची मुद्रा पाहून दाराआड उभ्या असलेल्या सुनांस सर्व कांहीं कळून चुकतें. येथें चुकलें कोण? दोघीहि दक्ष होत्या. दोघींपैकीं एक जरी आळशी असती, तरी आमटी बरी झाली असती! मोठ्या घरांतील अनुभवी सासवा यावर एक लहानसा तोडगा करीत. जी मीठ घालील तिनें ‘मीठ घातलें हो’ असें मोठ्यानें म्हणावयाचें, आणि जवळ जी असेल तिनें ‘ऐकलें’ असें उत्तर द्यावयाचें. या दोन उद्गारांत अर्धें शास्त्र आलें. उरलेलें अर्धें अधिक कठीण आहे. त्याकडे आम्ही पुढें वळूं.

जें घरांत मीठ शिकवितें, तेंच आमच्या देवळाली प्रवरेच्या शिवारांत पाटाचें पाणी शिकवितें. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. ओझरच्या बंधाऱ्यापासून नदीच्या दोन्ही अंगांस कालवे निघाले, आणि ज्या नगर जिल्ह्याचें नांव दुष्काळाशींच जोडलेलें असे, त्याच्या या उत्तर भागांत ऊस उभा राहिला. बाहेरच्या मनुष्यास वाटतें, धरण झालें म्हणजे पाणी आलें. परंतु धरणापासून वाफ्यापर्यंतच्या वाटेंत त्या पाण्यास किती माणसांच्या हातांतून जावें लागतें, हें ज्यानें रात्रीं दारें धरलीं आहेत त्यालाच ठाऊक. वर आवर्तन सुटतें, मग कालवा, त्यावरून चारी, चारीवरून पोटचारी, आणि शेवटीं सरी. चारीवर ज्याच्या शेजारीं ज्याचें रान, त्या क्रमानें त्याची पाळी. म्हणून या व्यवस्थेस शेजपाळी असें सार्थ नांव आहे. हा क्रम बहुधा चारीच्या शेपटाकडून मुखाकडे चालतो. शेपटाच्या या टोंकास आमच्याकडचा शेतकरी इंग्रजी शब्द उचलून ‘टेल’च म्हणतो, आणि ‘टेलला पाणी पोचलं का?’ हा आमच्याकडे आवर्तनांतला पहिला प्रश्न असतो.

या कामांतली अडचण अशी कीं पाणी थांबून राहत नाहीं. सुतारानें अर्धी खुर्ची ठेवून दिली तर ती सकाळपर्यंत तशीच राहील. परंतु रात्रीं दोन वाजतां एकाची पाळी संपली, तर त्याच क्षणीं दुसऱ्यानें दार धरलें पाहिजे. नाहीं तर तें पाणी ओढ्यास तरी जाईल, किंवा कोणाच्या काढणीस आलेल्या कांद्यांत तरी शिरेल. मग कालव्यावर दोन निरोप ऐकूं येतात. एक शेतकरी हांक देतो, “आबा, पाणी सोडलं बरं का!” आणि घोंगडी सांवरून घराची वाट धरतो. दुसरा म्हणतो, “आबा, माझं दार बांधलं, पाणी तुमच्याकडं वळवलंय, तुमच्या सरीला लागलं की बॅटरी दाखवा, मग मी जातो.” पहिल्यानें आपल्या मनावरचें ओझें उतरविलें, दुसऱ्यानें पाणी पोचविलें. पहिल्याचें वाक्य त्याच्या स्वतःच्या कामाविषयीं आहे, दुसऱ्याचें वाक्य आबांच्या कामाविषयीं आहे. आणि दुसऱ्याच्या निरोपाचें खरें मर्म त्याच्या शेवटच्या तुकड्यांत आहे: प्रत्युत्तराचा प्रकाश दिसेपर्यंत त्याच्या मतें निरोप पुरा झालेलाच नाहीं.

आतां प्रत्येकाच्या खिशांत फोन आला आहे, चारीगणिक व्हॉट्सॲपचा गट आहे, तरी पाळीवरचीं भांडणें सरलीं आहेत असें नाहीं. याचें कारण उघड आहे. यंत्रानें निरोप धाडण्याचें काम सोपें केलें, उत्तर मागण्याचें केलें नाहीं. दोन निळ्या खुणा उमटल्या कीं आपण कळविलें, असें माणसें मानूं लागलीं आहेत. त्या खुणा निरोप डोळ्यांपर्यंत गेल्याची साक्ष देतात. मनापर्यंत गेल्याची नव्हे.

वाक्य कानांवर पडूनहि अर्थ कां पोचत नाहीं, याचा विचार आपल्या नैयायिकांनीं फार बारकाईनें केलेला आहे. सतराव्या शतकांतील अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ हें लहानसें पुस्तक आम्हांस संस्कृत पाठशाळेंत प्रथम हातीं मिळालें. त्यांत वाक्यार्थ कळण्यास तीन गोष्टी आवश्यक म्हणून सांगितल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि संनिधि. त्या वयांत आम्हीं त्या पाठ केल्या. त्या पाटावर, पंगतींत आणि शिक्षकांच्या खोलींतहि लागू पडतात हें कळावयास पुढचीं चाळीस वर्षें लागलीं.

आकांक्षा म्हणजे एका पदास दुसऱ्या पदाची असलेली अपेक्षा. गाय, घोडा, पुरुष, हत्ती असे सुटे शब्द ओळीनें उच्चारले तर प्रत्येक शब्दाचा अर्थ कळतो, पण वाक्य होत नाहीं. कारण कोणत्याच शब्दाचा दुसऱ्याशीं संबंध जडत नाहीं. आमच्या किती सूचना अशा असतात पाहा! ‘उद्यां कार्यक्रम आहे, मंडप, खुर्च्या, हार, चहा.’ मुख्याध्यापक हें सांगून निघून जातात आणि सर्व शिक्षक माना डोलवितात. प्रत्येक शब्द कळला; कोणीं, केव्हां, किती, हें कांहींच कळलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं हार तीन ठिकाणांहून येतात आणि खुर्च्या येतच नाहींत.

योग्यता म्हणजे अर्थास बाध नसणें. ‘विस्तवानें शिंपतो’ हें वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनहि निरर्थक आहे. शिंपण्याचें सामर्थ्य विस्तवांत नाहीं. जें करणें अशक्य आहे तें हुकमाच्या स्वरांत सांगितल्यानें शक्य होत नाहीं. एका दिवसांत दोनशें उत्तरपत्रिका तपासा असें वरिष्ठांनीं सांगितलें आणि खालच्यानें ‘होय’ म्हटलें, तर तो संवाद झाला नाहीं. दोघांनीं मिळून विस्तवानें शिंपलें. अशा वेळीं ‘एवढें होणार नाहीं, ऐंशीं होतील’ असें सांगणाऱ्यास उद्धट समजण्याची आपल्याकडे रीत आहे. वास्तविक त्यानें वाक्यास योग्यता आणून दिलेली असते.

तिसरी अट संनिधि. म्हणजे पदांचा उच्चार विलंबावांचून होणें. ‘गाय’ हा शब्द आतां म्हटला आणि ‘आण’ हा प्रहरानंतर म्हटला, तर ऐकणारा गाय आणीत नाहीं. कामांतल्या अनेक बातम्या अशाच प्रहरानें उशिरा येतात. वाटेंतला पूल पाण्याखालीं गेल्याचें वऱ्हाड निघाल्यावर कळवायचें, आचारी येत नसल्याचें सकाळीं दहा वाजतां सांगायचें. अशी बातमी खरी असते, पण तिचा उपयोग करण्याचा काळ निघून गेलेला असतो. चांगली बातमी थोडी उशिरां आली तरी गोडच लागते. वाईट बातमीचें मोल तिच्या वेळेवर असतें. आणि माणसाचा स्वभाव असा कीं तो नेमकी वाईट बातमीच मागें ठेवतो.

या तिहींबरोबर इतर नैयायिक चौथी गोष्ट मानतात, ती तात्पर्य. म्हणजे बोलणाऱ्याचा अभिप्राय. ‘सैंधव’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, मीठ आणि सिंधुदेशचा घोडा. जेवतांना कोणीं सैंधव मागितलें तर मीठ द्यावें, प्रवासास निघतांना मागितलें तर घोडा आणावा. मुलांना हें उदाहरण सांगितलें म्हणजे पानाशेजारीं घोडा उभा राहिल्याचें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें येऊन वर्गांत मोठा हंशा पिके. परंतु जेथें निरनिराळ्या शिकवणीचीं माणसें एकत्र येतात, तेथें हा विनोद महागांत पडतो. आमच्या शेजारीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ सालीं पार पडला. एक लोणीचे शेतकरी, दुसरे पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ. गाडगीळ हेच कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. ‘भाग’, ‘उचल’, ‘तोटा’ हे शब्द ग्रंथांत एक अर्थ सांगतात आणि बांधावर दुसरा. ज्याला शास्त्र कळतें आणि ज्याला माती कळते, त्या दोघांनीं एकमेकांच्या शब्दांमागचें तात्पर्य विचारून घेतल्याखेरीज असें काम उभें राहत नाहीं. आज सहकारांत उणें काय झालें याची चर्चा पुष्कळ होते. पण आरंभीं जें साधलें तें केवळ भांडवलानें साधलें नाहीं, हें विसरूं नये.

येथवर आम्हीं बोलणाऱ्याच्या बाजूनें विचार केला. परंतु नीट बोलणारा असूनहि काम बुडतें, कारण ऐकणाऱ्यानें कान बंद केलेले असतात. हें जें अधिक कठीण अर्धें शास्त्र, त्याची ओळख आम्हांस एका प्रसंगानें झाली. तो आम्हीं स्वतः पाहिलेला असल्यामुळें येथें सांगतों.

आम्ही एका शाळेंत नोकरीस होतों. सुमारें पस्तीस वर्षें होऊन गेलीं. हिवाळ्यांत शाळेची सहल भंडारदऱ्यास गेली; एस. टी.च्या दोन गाड्या, सत्त्याऐंशी मुलें आणि चार शिक्षक. घरच्या कामामुळें आम्ही सहलीस गेलों नव्हतों. धरण पाहून, रंधा धबधबा पाहून मंडळी संध्याकाळीं परत निघाली. येतांना मुलांनीं आपापल्या सोबत्यांजवळ बसण्यासाठीं गाड्यांची अदलाबदल केली होती. पहिल्या गाडींतल्या शिक्षकांस एक मुलगा दिसला नाहीं. त्यांना वाटलें, तो दुसऱ्या गाडींत असेल. दुसऱ्या गाडींतल्या शिक्षकांस तर तो मुळांत आपल्या गाडीचा नव्हेच असें वाटलें. संगमनेरास चहासाठीं गाड्या थांबल्या तेव्हां सर्व मुलें खालीं उतरलीं, आणि एक कमी भरला. सहावींतला, अकरा वर्षांचा मुलगा.

त्या काळीं खेड्यांत फोन मोजके असत. पोलीस ठाण्यांतून निरोप गेला, एक शिक्षक भाड्याची जीप करून उलट्या पावलीं रवाना झाले. रात्रीं गाड्या शाळेशीं आल्या. सर्वांचीं मुलें उतरलीं, आणि एक आई दाराकडे पाहत उभी राहिली. तिला कोणीं काय सांगावें हेंहि ठरलेलें नव्हतें! मग ती शाळेच्या पायरीवर बसली. ती रडली नाहीं, तिनें कोणास शिव्याशाप दिले नाहींत. जो तो शिक्षक येऊन तिला आपल्याला काय वाटलें होतें तें सांगे. सर्वांचें ऐकून घेऊन तिनें एकच विचारलें, “पर मोजलं कुणी व्हतं, गुरुजी?”

या प्रश्नास उत्तर नव्हतें. पहांटे जीप परत आली. धबधब्याजवळच्या एका चहावाल्यानें मुलाला जेवूं घालून आपल्या घोंगडीखालीं निजविलें होतें. मुलगा सुखरूप होता. पुढें चौकशी झाली. तींत सर्वांनीं खरें सांगितलें, कोणीं लपवालपवी केली नाहीं. परंतु चौघांच्या जबान्यांत मिळून ‘वाटलें’ हा शब्द इतक्या वेळां आला कीं लिहून घेणारा कारकून कंटाळला. आणि चौकशींत आणखी एक गोष्ट निघाली, ती आमच्या मनांतून अद्याप जात नाहीं. गाडी सुटतांना त्या मुलाच्या बाकावरचा सोबती उठून म्हणाला होता, “सर, तो अजून आला नाहीं.” त्याला उत्तर मिळालें, “खालीं बस, तो त्या गाडींत आहे.” मुलगा खालीं बसला. म्हणजे जी बातमी हवी होती ती वेळेवर, स्पष्ट शब्दांत, योग्य माणसास दिली गेली होती. देणारा लहान होता, एवढाच तिचा दोष.

त्या वेळचे मुख्याध्यापक मोठे समंजस होते. त्यांनीं कोणास जाहीर बोल लावला नाहीं. पण दोन नियम फळ्यावर लिहून ठेवले. मोजणाऱ्यानें आंकडा मोठ्यानें उच्चारावा व दुसऱ्या शिक्षकानें तो परत उच्चारावा, हा एक. आणि कोणाहि मुलानें ‘अमुक आला नाहीं’ असें म्हटलें, तर त्याचें समाधान होईपर्यंत गाडी हलवूं नये, हा दुसरा. पहिल्या नियमास सर्वांनीं तत्काळ मान्यता दिली. दुसऱ्यावर मात्र बरीच कुरकुर झाली. पोरांच्या शब्दानें गाड्या अडवायच्या म्हणजे काय, असें कित्येकांचें म्हणणें पडलें.

ही कुरकुर केवळ आपल्याकडचीच आहे असें कोणीं समजूं नये. २७ मार्च १९७७ रोजीं स्पेनच्या ताब्यांतील टेनेरीफ बेटाच्या विमानतळावर दाट धुकें पसरलेलें असतां दोन प्रचंड जंबो विमानें एकाच धांवपट्टीवर आलीं. डच विमानाचा प्रमुख वैमानिक फार नांवाजलेला होता. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसतांना, ती मिळाल्याच्या समजुतीनें त्यानें विमान दामटलें. नियंत्रकाचें ‘थांबा’ आणि दुसऱ्या विमानाचें ‘आम्ही अजून पट्टीवर आहों’ हीं दोन्ही वाक्यें एकाच वेळीं उच्चारलीं गेल्यामुळें यंत्रांत कर्कश आवाज होऊन बुडालीं. तरीहि डच विमानांतील अभियंत्यास शंका आली, आणि दुसरें विमान अजून पट्टीवर तर नाहीं ना, असें त्यानें विचारलें. वरिष्ठांनीं ठामपणें तें उडवून लावलें. तो गप्प बसला. आणि कांहीं क्षणांतच ५८३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. विमानवाहतुकीच्या इतिहासांत याहून मोठा अपघात नाहीं. त्यानंतर आकाशांतील संभाषणाचे शब्द अधिक कांटेकोर ठरविले गेले. ‘उड्डाण’ हा शब्द त्याची परवानगी देतांना किंवा काढून घेतांनाच वापरावा, महत्त्वाची आज्ञा ऐकणाऱ्यानें परत उच्चारावी, असा कडक दंडक पडला. आणि कनिष्ठानें शंका बोलून दाखवावी व वरिष्ठानें ती ऐकावी, याचें स्वतंत्र शिक्षण वैमानिकांस देण्यांत येऊं लागलें. आमच्या मुख्याध्यापकांनीं फळ्यावर लिहिलेले दोन नियम आणि हे दंडक यांत तत्त्वतः भेद नाहीं.

मात्र शंका कशी बोलून दाखवावी आणि ती कशी ऐकावी, याचें याहून सुंदर उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांत आहे, आणि तें कोणा तज्ज्ञानें बसविलेलें नाहीं. आषाढी वारींत आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी सायंकाळीं तळावर पोचते तेव्हां समाजआरती होते. सर्व दिंड्या पालखीभोंवतीं रिंगण धरून उभ्या राहतात. हजारों टाळ आणि मृदंग यांचा एकच गजर चाललेला असतो. चोपदार आपला दंड उंच करतात, ‘हो’ अशी आरोळी देतात, आणि तो अफाट समाज क्षणांत निःशब्द होतो. ज्यानें तें पाहिलें असेल त्याला मौनाचाहि नाद असतो हें पटेल. परंतु त्या शांततेंत कधीं कधीं एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. तो बेशिस्तपणा नव्हे. त्या दिंडीची कांहीं तक्रार आहे, एवढाच त्याचा अर्थ. चोपदार तेथें जातात, काय अडचण आहे तें ऐकतात, तिचें समाधान करतात, मग ते टाळ थांबतात. त्यानंतर हरवलेल्या-सांपडलेल्या वस्तूंची नांवें पुकारली जातात, दुसऱ्या दिवशीं निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती.

आम्हीं या व्यवस्थेवर पुष्कळ विचार केला आहे. हैबतबाबांच्या काळापासून या सोहळ्यास जी शिस्त लागली ती सैन्यासारखी म्हणून लोक तिची वाखाणणी करतात. परंतु केवळ शांतता बसविणें हें कोणाहि दंडधाऱ्यास साधेल. वारकऱ्यांनीं शांततेबरोबर ती मोडण्याचा मार्गहि ठरवून ठेवला, हा त्यांचा विशेष होय. बोलण्यास वेळ ठरलेली, जागा ठरलेली, ज्याला तक्रार आहे त्याला आपलें म्हणणें गर्दींत ओरडून सांगावें लागत नाहीं, कारण इतर सर्व थांबलेले असतात, आणि ऐकणारा आपण होऊन त्याच्याकडे चालत जातो. शिवाय हें सर्व आरतीच्या आधीं. मनांत किल्मिष ठेवून आरतीस उभें राहावयाचें नाहीं, असाच याचा अर्थ आम्ही लावतों. त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या सोबत्यास जर कोणीं असा टाळ हातीं दिला असता!

तक्रारीचा टाळ वाजविणाऱ्याकडूनहि एक अपेक्षा आहे. न्यायशास्त्रांत चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्व कळावें म्हणून चालतो तो वाद. जिंकण्यासाठीं चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचें खंडण तेवढें करणें ही वितंडा. ‘वाद’ या शब्दास आपण मराठींत भांडणाचा अर्थ देऊन टाकला, ही खेदाची गोष्ट होय. शास्त्रांत गुरु आणि शिष्य यांच्यामध्यें चालणारी ती निर्मळ चर्चा आहे. संस्थांच्या सभा आम्हीं अनेक पाहिल्या. तेथें वाद क्वचित्, जल्प पुष्कळ आणि वितंडा सर्वांत अधिक. टाळ वाजवावा तो अडचण दूर होण्यासाठीं. चोपदार येऊन समाधान करून गेले कीं तो थांबवावा. अडचण सुटल्यावरहि जो वाजवीतच राहतो, त्याला आरती नको असते, टाळाचा आवाज हवा असतो.

आपलीं घरें आतां लहान झालीं. पुष्कळ घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं असल्या तरी एका पंगतीस क्वचितच बसतात. एक मुलगा पुण्यास, एक परदेशीं, सून रात्रपाळीस, आणि वडिलांच्या औषधांची व्यवस्था सर्वांनीं मिळून पाहावयाची. हें काम कालव्याच्या पाळीहून सोपें नाहीं. ‘गोळी दादानें आणली असेल असें वाटलें’ या वाक्याचा परिणाम आमटी खारट होण्याइतकाच राहत नाहीं. म्हणून आमची अशी सूचना आहे कीं, दिवसाकाठीं घटकाभर तरी एक ठरलेली वेळ असावी, मग ती जेवणाची असो वा फोनवरची. तींत झालेलें काम थोडक्यांत सांगावें आणि न झालेलें आधीं सांगावें. सांगितलेलें ऐकणाऱ्यानें एकदां परत उच्चारावें. ‘असेल’, ‘वाटलें’, ‘होईल’ हे शब्द आले कीं तेथेंच थांबून विचारावें, पाहिलें कोणीं? आणि उठण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत लहानास, सर्वांत नव्या सुनेस, किंवा बोलावयास संकोचणाऱ्या म्हाताऱ्यास, ‘तुझें कांहीं राहिलें का?’ असें वडीलधाऱ्यांनीं आपण होऊन विचारावें. टाळ वाजविण्याचें धैर्य सर्वांस नसतें. कित्येकांपर्यंत चोपदारानेंच चालत जावें लागतें.

संस्कृतांत ‘संवाद’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक संभाषण, दुसरा मेळ, जुळणी. दोन तारा एका सुरांत लागल्या म्हणजे त्यांचाहि संवाद झाला असें म्हणतात; आणि तो न झाला तर विसंवाद. ज्यांनीं हे दोन अर्थ एका शब्दांत ठेवले त्यांस हें पक्कें ठाऊक असलें पाहिजे, कीं बोलल्यावांचून मेळ बसत नाहीं आणि मेळ बसला नाहीं तर तें बोलणें संवाद नव्हे. आमच्या गांवच्या चारीवर रात्रीं दूर अंधारांत एक बॅटरी दोनदां उघडझाप करते. इकडचा शेतकरी तें पाहतो, फावडें खांद्यावर टाकतो आणि घरीं जाऊन स्वस्थ निजतो. दोघांत एक शब्दहि झालेला नसतो, आणि तरी संवाद पुरा झालेला असतो.